जुन्या पीसीत नवा पार्ट टाकला आणि मशीन सुरूच होईना, तर

सोलापुरात घराघरांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि चादर-टॉवेलच्या कारखान्यांतल्या हिशेबाच्या टेबलांवर दहा-बारा वर्षांपूर्वीचे असेंबल्ड पीसी अजून नेटाने चालू आहेत. कुणाचा मदरबोर्ड (सगळे पार्ट जोडणारी मुख्य पाटी, पुढे नुसतं बोर्ड म्हणतो) जी४१ चिपसेटचा, म्हणजे त्या नावाच्या मुख्य चिपचा, कुणाचा एच६१चा, कुणाचा एच८१चा. यांत एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क) टाकली आणि रॅम (चालू कामाची मेमरी) ८ जीबी केली की टॅली, मराठी टायपिंग, परीक्षेचे अर्ज, मुलांचा अभ्यास अशी कामं आणखी काही वर्षं सहज निघतात. नव्या पीसीच्या किमतीच्या मानाने हा खर्च फार थोडा, म्हणून तो करावा असंच मी सगळ्यांना सांगतो.

अडतं ते पार्ट बसवल्यानंतर. "दादा, काल रॅम टाकली, आता डिस्प्लेच येईना," असा फोन येतो, आणि तोवर कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की बोर्ड गेला. काल संध्याकाळपर्यंत नीट चालणारा बोर्ड नुसता पार्ट बदलल्याने सहसा जात नाही. कुठली तरी वायर सैल राहिलेली असते, पार्ट त्या बोर्डला चालणारा नसतो किंवा बायोसमधलं, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डच्या स्वतःच्या प्रोग्राममधलं, एखादं सेटिंग बदललेलं असतं. या तिन्ही गोष्टी घरी बसून, एका स्क्रू ड्रायव्हरवर तपासता येतात. फक्त क्रम चुकवायचा नाही.

आधी एक पाऊल मागे

नवा पार्ट काढा आणि जुना होता तिथे, होता तसा परत लावा. बायोसमध्ये काही बदललं असेल तर तेही पूर्ववत करा. एवढ्यावर मशीन सुरू झालं तर बोर्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) शाबूत आहेत हे कळलं. आता शोध फक्त नव्या पार्टपुरता उरला. जुना पार्ट लावूनही सुरू होत नसेल, तर काम करताना काहीतरी हललं किंवा सुटलं आहे. तेव्हा नवा पार्ट परत करायला दुकानात धावू नका, कॅबिनेटमध्येच बघा.

याच कारणासाठी रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड एकाच दिवशी आणलं असलं तरी एकदम बसवू नका. एक बसवा, विंडोज पूर्ण सुरू होऊ द्या, मग बंद करून दुसरं बसवा. बंद करतानाही एक गोष्ट पाळा. विंडोज १०मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं, त्यामुळे साध्या शटडाउनने विंडोज पुरतं बंद होत नाही, जुन्या हार्डवेअरची स्थिती डिस्कवर राखून ठेवतं. शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक केलं की ते खरोखर बंद होतं.

कॅबिनेट उघडल्या उघडल्या मोबाइलने दोन-चार फोटो काढा. कुठली वायर कुठे होती हे नंतर आठवत नाही, आणि पॉवर बटणाच्या त्या बारीक वायरींचं तर कुणालाच आठवत नाही.

हात घालण्यापूर्वी

प्लग भिंतीवरच्या बोर्डातून काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. प्लग काढल्यावर पीसीचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला हात लावून मगच पार्टला हात लावा. सोलापूरच्या कोरड्या हवेत, विशेषतः थंडीत, अंगावर स्थिर वीज साठते, आणि तिचा एक झटका रॅमला पुरतो.

चालू पीसीच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही किंवा ते तुटलेलं आहे. जुन्या घरांत हे बरंच दिसतं. आधी वायरमनला बोलवा, अपग्रेड नंतर करता येईल. एसएमपीएस मात्र कधीच उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या आसपास ज्यांचा पीसी आहे, त्यांच्या कॅबिनेटमध्ये नुसती धूळ नसते. सुताचे बारीक तंतू पंख्यात, हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत आणि रिकाम्या रॅम स्लॉटमध्येही जाऊन बसतात. नवी रॅम त्या रिकाम्या स्लॉटमध्ये घालायची असेल तर आधी ब्लोअर मारा आणि मऊ कोरड्या ब्रशने स्लॉट साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, कारण वाऱ्याने पंखा सुसाट फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं.

नक्की काय होतंय ते बघा

बटण दाबल्यावर पंखासुद्धा हलत नाही, हा एक प्रकार. पंखे फिरतात पण पडदा काळा राहतो, हा दुसरा. कंपनीचा लोगो दिसतो, पण पुढे विंडोज येत नाही, हा तिसरा. तिन्हींची कारणं वेगळी आहेत. त्यामुळे दुकानदाराला किंवा ओळखीच्या जाणकाराला फोन करताना "चालू होत नाही" एवढंच सांगू नका, यातलं कुठलं होतंय ते सांगा.

पंखाही हलत नसेल तर प्लग, एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण आणि बोर्डवरची २४ पिनांची मोठी वायर बघा. मग पॉवर बटणाच्या दोन पिनांची वायर तिच्या जागी आहे का ते बघा. ती उलटी बसली तरी चालते, पण शेजारच्या भलत्याच पिनांवर गेली तर बटण दाबून काहीच होत नाही. पंखा क्षणभर हलून थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. बोर्डखाली पडलेला एखादा स्क्रू हे त्याचं नेहमीचं कारण.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

सर्वात जास्त तक्रारी याच्या असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच रॅमपाशी येऊन थांबतात.

प्रोसेसरच्या जवळ ४ पिनांची एक वेगळी वायर लागते, ती आधी बघून घ्या. प्रोसेसरला वीज तिच्यातूनच मिळते. ती निघालेली असेल तर पंखे, दिवे सगळं चालतं, पण डिस्प्ले येत नाही.

आता रॅम. दोन्ही काड्या काढा, एकच लावा आणि सुरू करून बघा. मग तीच काडी दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग दुसरी काडी. यातून काडी खराब आहे की स्लॉट, ते निवळतं. काडीच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, रबराचा चुरा झटका आणि पट्ट्यांना पुन्हा बोट लावू नका. बसवताना स्लॉटच्या क्लिप पूर्ण उघडा, काडीची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवा आणि दोन्ही टोकांना अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. क्लिपचा "टक्" असा आवाज दोन्ही बाजूंनी आला पाहिजे. एच६१च्या कित्येक स्वस्त बोर्डांवर एका बाजूची क्लिप नसतेच, तिथे ती बाजू वर राहिलेली पटकन लक्षात येत नाही. डोळा स्लॉटच्या पातळीवर आणून बघा. सोनेरी पट्टी एका बाजूला जास्त दिसत असेल तर काडी पूर्ण बसलेली नाही.

खाच जुळतच नसेल तर जोर लावू नका. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिन असतात, पण खाचेची जागा वेगळी असते. डीडीआर४ला २८८ पिन असतात. एका प्रकारची रॅम दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये जात नाही आणि चालतही नाही.

जी४१ बोर्डवाल्यांनी पुढचं नीट वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात. ४ जीबीची डीडीआर३ काडी दोन प्रकारची मिळते. एकीवर दोन्ही बाजू मिळून १६ काळ्या चिप असतात, दुसरीवर एकाच बाजूला मोठ्या क्षमतेच्या ८. जी४१ला ८ चिपवाली काडी झेपत नाही. ती लावली की डिस्प्ले येत नाही, किंवा आला तरी रॅम भलतीच दाखवतो. काडीत दोष नसतो, तीच काडी एच६१वर मजेत चालते. म्हणून जी४१साठी रॅम घेताना दुकानातच चिप मोजा. "फक्त एएमडीसाठी" म्हणून स्वस्तात विकली जाणारी रॅमही इंटेलच्या बोर्डला घेऊ नका, ती चालत नाही. जी४१वर रॅमची कमाल मर्यादा ८ जीबी आहे, एच६१वर १६.

नवी रॅम टाकल्यावर काही बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना एक-दोनदा आपोआप बंद-चालू होतात किंवा मिनिटभर काळे राहतात. तेवढी वाट बघा, लगेच बटण दाबून तोडू नका.

बोर्डला छोटा स्पीकर लावलेला असेल तर बीप ऐका. रॅम पूर्ण काढून सुरू केल्यावर बोर्ड बीप देत असेल तर ही चांगली खूण आहे, कारण प्रोसेसर चालू असल्याशिवाय बीप येत नाही. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेचा दोष. बाकी कंपन्यांचे संकेत निराळे, ते बोर्डच्या पुस्तिकेत असतात. स्पीकर नसेल तर घेऊन ठेवा, अगदी किरकोळ किमतीला मिळतो.

एवढं करूनही पडदा काळाच असेल तर बायोस रिसेट करा. प्लग काढा, बोर्डवरचा गोल सेल काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा, पाच-दहा मिनिटांनी सेल परत लावा. सेल सीआर२०३२ नंबरचा, ३ व्होल्टचा असतो. इतक्या वर्षांच्या मशीनमध्ये तो उतरलेलाच असण्याची शक्यता जास्त, तेव्हा नवाच घाला. रिसेटनंतर तारीख-वेळ मागे जाते आणि ती दुरुस्त न करता इंटरनेट लावलं तर वेबसाइट सुरक्षित नसल्याचे इशारे येत राहतात. शिवाय डिस्कचं एक सेटिंगही बदलू शकतं, त्याबद्दल पुढे एसएसडीच्या भागात सांगतो.

ग्राफिक्स कार्ड टाकलं असेल तर

मॉनिटरची केबल कार्डच्या पोर्टला लावा. जुन्या सवयीने ती बोर्डच्या पोर्टला राहते, आणि कार्ड बसवल्यावर बरेच बोर्ड आपलं स्वतःचं डिस्प्ले पोर्ट बंद करतात.

कार्डवर ६ किंवा ८ पिनांचं सॉकेट असेल तर तिथे एसएमपीएसची वायर लागलीच पाहिजे. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनांतून आणखी ७५, ८ पिनांतून १५०. जुन्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असलं तरी त्यावर भिस्त ठेवू नका. लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर आहेत ते बघा. तिथे १५ असेल तर १२ व्होल्टवर १८०च वॅट मिळतात, आणि प्रोसेसर व कार्ड दोघांनाही त्याच वाट्यातलं हवं असतं. जास्तीचं सॉकेट नसलेलं कार्ड जुन्या मशीनला बरं, ही माझी ठाम शिफारस.

घरचा मॉनिटर जुना, निळ्या व्हीजीए प्लगचा असेल तर अजून एक अडथळा आहे. जीटीएक्स १०५० किंवा जीटी १०३० अशा कार्डांमधून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही. त्यांच्या डीव्हीआय पोर्टकडे नीट बघा. आडव्या चपट्या फटीच्या भोवती चार बारीक भोकं नसतील तर तो फक्त डिजिटल आहे. त्याला साधा डीव्हीआय-व्हीजीए जोड लावून पडदा काळाच राहणार. एचडीएमआयचं व्हीजीएत रूपांतर करणारा, आत सर्किट असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागतो. चांगलं कार्ड केवळ या जोडापायी "डेड" म्हणून परत जातं.

कार्ड लावल्यावर पीसी सुरू होतो, पण लाईट गेली की यूपीएसही लगेच मान टाकतो, असं झालं तर कार्डची चूक नाही. वाढलेला भार जुन्या यूपीएसच्या बॅटरीला पेलत नाही.

प्रोसेसर बदलला असेल तर

सॉकेट सारखं आहे म्हणून प्रोसेसर चालेलच असं नाही. एच६१चा बोर्ड मुळात इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसाठी आला. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर त्यात बसतो, पण बायोस जुनं असेल तर डिस्प्ले देत नाही. अशा वेळी जुना प्रोसेसर परत लावा, बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर बोर्डचं मॉडेल आणि रिव्हिजन नंबर जुळवून बायोस अपडेट करा, मग नवा बसवा. अपडेट चालू असताना लाईट जाता कामा नये. यूपीएस भरवशाचा नसेल तर हे काम चांगला यूपीएस असलेल्या दुकानातून करून घ्या.

इंटेलच्या या बोर्डांत पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात आणि केसासारख्या बारीक असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा, सगळ्या एका ओळीत चमकल्या पाहिजेत.

पीसी सुरू होऊन काही सेकंदांत बंद होत असेल तर हीटसिंक नीट बसलेला नाही. त्याचे चारही पाय बोर्डमधून आरपार जाऊन अडकले आहेत का ते बोर्डच्या मागच्या बाजूने बघा. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच हवी. हीटसिंक काढला की प्रोसेसरवरची जुनी पेस्ट (उष्णता हीटसिंककडे नेणारी) पुसून नवी लावायचीच, मटारच्या दाण्याएवढी पुरते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४०च्या वर असतो. वाळलेल्या पेस्टवर डिसेंबरात चाललेलं मशीन तेव्हा अर्ध्या तासात बंद पडतं, आणि दोष नव्या रॅमवर जातो.

एसएसडी लावली, लोगो येतो, विंडोज येत नाही

आधी बायोसमध्ये जाऊन एसएसडीचं नाव दिसतं का बघा. नसेल तर साटा केबल (डिस्क बोर्डला जोडणारी) बदला, बोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरा, पॉवरची चपटी वायर पूर्ण आत ढकला. नाव दिसत असेल तर बूट क्रमात, म्हणजे मशीन कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्या यादीत, ती पहिल्या नंबरवर आणा. "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस" हा संदेश बहुतेक वेळा एवढंच सांगत असतो की मी भलत्या डिस्कवर विंडोज शोधतोय.

एक घोळ वारंवार बघायला मिळतो. जुनी हार्डडिस्क जोडलेली असतानाच एसएसडीवर विंडोज टाकलं जातं. विंडोज एसएसडीवर जातं, पण सुरू होण्यासाठी लागणाऱ्या बूट फाइल इन्स्टॉलर जुन्या डिस्कवरच्या आधीच्या बूट पार्टिशनमध्ये ठेवून मोकळा होतो. सगळं छान चालतं. मग कधीतरी जुनी डिस्क काढली जाते आणि विंडोज येत नाही. लोकांना वाटतं एसएसडी गेली. ती डिस्क परत जोडली की मशीन पुन्हा सुरू होतं, यावरून हा घोळ ओळखा. हा घोळ टाळायचा तर विंडोज टाकताना एसएसडी सोडून बाकी सगळ्या डिस्कच्या वायरी काढून ठेवायच्या. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल (क्लोन) एसएसडीवर केली असेल तरी पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढलेलीच हवी.

आता तो सेटिंगचा मुद्दा. बायोसमध्ये साटा मोड असतो, म्हणजे बोर्डने डिस्कशी कसं बोलायचं त्याचा पर्याय: जुना आयडीई किंवा नवा एएचसीआय. विंडोज ज्या मोडमध्ये टाकलं, त्याच मोडमध्ये ते सुरू होतं. सेल बदलला, बायोस रिसेट झालं, मोड बदलला, की निळा पडदा येतो आणि त्यावर "इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" असं लिहिलेलं असतं. विंडोज ७ असेल तर कोड शेवटी ७बी असतो. फॉरमॅट मारू नका. मोड पूर्वीचा करा, विंडोज येईल. एसएसडीसाठी एएचसीआयच हवा असेल तर विंडोज १०मध्ये आधी एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूटवर टिक करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन मोड एएचसीआय करा. सेफ मोडमध्ये विंडोज स्वतःच योग्य ड्रायव्हर घेतं. मग ती टिक काढून पुन्हा रीस्टार्ट करा.

बायोसमध्ये लेगसी (विंडोज सुरू करण्याची जुनी पद्धत) आणि यूईएफआय (नवी पद्धत) असा पर्यायही असतो. जुनं विंडोज एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीच्या डिस्कवर असेल तर लेगसी ठेवा, जीपीटी या नव्या पद्धतीच्या डिस्कवर असेल तर यूईएफआय. जी४१च्या जमान्यातल्या बोर्डांना लेगसीच कळतं.

एसएसडी घेताना अडीच इंची साटाच घ्या. लांबट एनव्हीएमई एसएसडी अडॅप्टर कार्डवर लावून एच६१मध्ये बसवली, तर विंडोजमध्ये ती दिसते, पण बायोसला तिच्यावरून बूट करता येत नाही.

विंडोज ११साठी इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ते या मशीनमध्ये नाही. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. फक्त ब्राउझर आणि कागदपत्रांचं काम असेल तर लिनक्स मिंट टाकून बघा, जुन्या मशीनवर ते हलकं चालतं.

दुकानात न्यायची वेळ आली तर

नवा सेल घातला, एकेक रॅम तपासली, दुसरा एसएमपीएस लावून बघितला आणि तरीही पडदा काळाच असेल, तर मशीन जाणकाराच्या हाती द्या. नेताना बोर्डचं मॉडेल, काय बदललं आणि काय काय तपासून झालं हे कागदावर लिहून द्या, म्हणजे तेच सगळं पुन्हा होत नाही आणि त्याचे पैसेही लागत नाहीत. डेटा असलेली हार्डडिस्क काढून घरी ठेवा, डिस्प्लेचा दोष शोधायला ती लागत नाही. काढलेले जुने पार्ट परत मागून घ्या. चालणारी २ जीबीची जुनी रॅम पुढच्या वेळी तपासणीला कामी येते. लॅपटॉप असेल आणि निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी की मागत असेल, तर विंडोज नव्याने टाकायला होकार देऊ नका. आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात दुसऱ्या मोबाइलवरून लॉगिन करून ती की तिथे आहे का बघा.